टिपांसकट 'मॅकबेथ' आणि सोबतचा ऑडिओ : दोन महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. शेक्सपिअरचं मूळ इंग्रजी नाटक आहे, राजाला मारून गादीवर बसणाऱ्या मॅकबेथ या स्कॉटिश सरदाराचं, पेपरबॅक, उजव्या पानावर नाटक आणि डाव्या पानावर त्याच ओळींच्या टिपा, म्हणजे शब्द अडला की पुस्तकाच्या शेवटी धावायला नको, नजर फक्त डावीकडे न्यायची. सुरुवातीला लांबलचक प्रस्तावना, शेवटी पात्रांचा तक्ता, आणि कव्हरच्या आतल्या बाजूला एक कोड, तो फोनने स्कॅन केला की पूर्ण नाटकाचं रेकॉर्डिंग ऐकायला मिळतं, वेगवेगळ्या नटांच्या आवाजात. पाचपैकी चार स्टार देतोय, का ते खाली लिहिलंय, लांबेल थोडं.

कॉलेजमध्ये असताना हे नाटक मला अभ्यासाला होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. "मॅकबेथच्या अधःपतनाचं कारण म्हणजे त्याची बेलगाम महत्त्वाकांक्षा" असं एक तयार उत्तर पाठ केलं, ते उतरवलं, मार्क मिळाले, विषय संपला. आता इतक्या वर्षांनी नीट बसून वाचलं तेव्हा कळलं की ते उत्तर चूक नाहीये पण त्यात नाटकातलं काहीच आलेलं नाहीये. कारण त्या उत्तरात असं वाटतं की माणूस हावेने आंधळा झाला आणि खड्ड्यात पडला. मॅकबेथ आंधळा नाहीये हो. त्याला सगळं दिसतंय, खून करायच्या आधी दिसतंय, आणि तरी तो जातो. मला या पुस्तकाबद्दल सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर टिपा लिहिणाऱ्याने ही गोष्ट पकडलीय आणि सोडलेली नाहीये.

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश बघा. राजा डंकन त्याच्या घरी पाहुणा म्हणून आलाय, आत जेवणं चाललीयत, आणि हा पंगतीतून उठून बाहेर येऊन एकटाच विचार करतोय. आणि विचार कसा करतोय तर एखाद्या वकिलासारखा, मुद्दे मांडून. मी याचा नातेवाईक, मी याचा सरदार, वर हा माझा पाहुणा, खरं तर मारेकऱ्यासाठी मी दार लावून घ्यायचं, सुरा मीच कसा घेऊ. शिवाय राजा इतका सौम्य आहे की त्याचे गुणच माझ्याविरुद्ध ओरडून सांगतील. आणि आपण दुसऱ्याला जे रक्ताचे धडे शिकवतो ते शेवटी शिकवणाऱ्याकडेच परत येतात, हेही तो स्वतःच म्हणतो, म्हणजे पुढच्या चार अंकांत जे होणार आहे ते त्याने पहिल्याच अंकात स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलंय! आणि मग शेवटी कबुली देतो की मला टाच मारायला दुसरं काही कारणच नाहीये, आहे ती फक्त उड्या मारणारी महत्त्वाकांक्षा, जी स्वतःलाच ओलांडून जाते आणि पडते पलीकडे...

इथली टीप अप्रतिम आहे. घोड्यावर मांड टाकायला माणूस जोरात उडी घेतो, पण जोर इतका जास्त होतो की खोगिरावर बसायच्या ऐवजी घोड्याच्या पाठीवरून पार होऊन दुसऱ्या बाजूला जमिनीवर आपटतो, असं ते चित्र आहे हे दोन ओळींत समजावलंय. आणि पुढे लिहिलंय की मॅकबेथचं वाक्य तिथे पूर्ण होत नाही, "दुसऱ्या..." एवढंच म्हणतो आणि तेवढ्यात त्याची बायको येते. "बाजूला" हा शब्द राहूनच जातो. मी ती ओळ परत वाचली, आणि मग पेन्सिलीने तिथे रेघ मारली. पडणं अजून झालेलंच नाहीये ना, म्हणून वाक्यही अर्धंच आहे.

याच भाषणात अजून एक टीप आहे जी अभ्यासकांच्या कामाची वाटेल पण मला भयंकर आवडली. हे नाटक पहिल्यांदा छापलं गेलं ते 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात, शेक्सपिअर जाऊन 7 वर्षं झाल्यावर. त्या छापील प्रतीत मॅकबेथ 'काळाची शाळा' म्हणतो असं दिसतं. नंतरच्या संपादकांनी ते 'काळाच्या नदीतला उथळ भाग' असं वाचलं, कारण जुन्या स्पेलिंगमध्ये ते दोन्ही शब्द जवळ जवळ येतात. संपादकाने दुसरा अर्थ घेतलाय पण पहिलाही दिलाय. मला पहिला पण पटतो, कारण पुढच्याच ओळींमध्ये तो धडे शिकवण्याबद्दल बोलतोय. अशा ठिकाणी संपादक आपलंच खरं न करता वाचणाऱ्याला दोन्ही रस्ते दाखवतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो.

आता महत्त्वाकांक्षा या शब्दाबद्दल. आपल्याकडे "पोरगा महत्त्वाकांक्षी आहे" हे कौतुक असतं, वाईट म्हणायचं असेल तर आपण हाव म्हणतो, हव्यास म्हणतो. नाटकातही अगदी हेच आहे आणि हे मला आधी माहीत नव्हतं. लेडी मॅकबेथ नवऱ्याचं पत्र वाचून म्हणते की तुला महत्त्वाकांक्षा आहे, पण तिच्याबरोबर जो आजार लागतो तो तुला नाही. तिचा शब्द खरंच 'आजार' असा आहे! टिपेत त्याचा त्यावेळचा अर्थ 'दुष्टपणा' दिलाय, तो बरोबरच आहे, पण मी वाचताना आजारच वाचला. तिच्या दृष्टीने तो आजार नसणं ही नवऱ्यातली उणीव आहे, आणि मग ती तो आजार त्याला लावायचं काम स्वतःच्या अंगावर घेते. शेवटी आजारी कोण पडतं तर तीच, पाचव्या अंकात तिच्यासाठी डॉक्टर बोलावलेला असतो.

प्रस्तावनेबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. माहिती उत्तम आहे. खरा मॅकबेथ स्कॉटलंडचा राजा होता, 1040 ते 1057, म्हणजे तब्बल 17 वर्षं, आणि खरा डंकन काही पांढऱ्या केसांचा म्हातारा नव्हता आणि झोपेतही मारला गेला नव्हता, तो लढाईत गेला. मॅकबेथ 1050 मध्ये रोमला यात्रेला जाऊन आला होता, म्हणजे एवढे महिने राज्य सोडून जाण्याइतकी त्याची गादी पक्की होती. शेक्सपिअरने कथा घेतली ती होलिन्शेडच्या बखरीतून, आणि त्या बखरीत बँको हा दुसरा सरदार राजाला मारण्याच्या कटात मॅकबेथचा साथीदार आहे. नाटकात मात्र बँकोचे हात स्वच्छ, कारण नाटक साधारण 1606 चं, आणि 1603 पासून इंग्लंडच्या गादीवर असलेला जेम्स राजा स्वतःचं घराणं बँकोपर्यंत नेत होता. त्यात 1605 च्या नोव्हेंबरमध्ये पार्लमेंट दारूगोळ्याने उडवून राजाला मारायचा कट उघडकीला आलेला. म्हणजे राजहत्येचं नाटक बघायला आलेल्या लोकांच्या मनात खऱ्या राजहत्येची भीती ताजी होती. हे सगळं वाचून नाटकाकडे बघायची नजर बदलते हे शंभर टक्के खरं.

पण ही प्रस्तावना आधी वाचू नका. मी वाचली आणि पस्तावलो. त्यात शेवटापर्यंतची गोष्ट फोडलीय हा एक भाग, ती तशी सगळ्यांना माहीत असते, पण चेटकिणींनी हे घडवलं की मॅकबेथने स्वतः, या प्रश्नावर इतकी पानं खर्च केलीयत आणि इतकं ठाम उत्तर दिलंय की नाटक वाचताना आपल्याला तो प्रश्न पडायची संधीच राहत नाही. खरं तर नाटकात उत्तर एका साध्या गोष्टीत आहे, चेटकिणी 'राजा होशील' म्हणतात, 'खून कर' असं त्या कुठेही म्हणत नाहीत. बँकोही तिथेच उभा असतो, त्यालाही सांगतात की तुझे वंशज राजे होतील, तो ऐकून घेतो आणि काही करत नाही. एवढं वाचणाऱ्याला आपलं आपण सापडू द्यायचं की!

ऑडिओकडे येतो. डंकनचा खून रंगमंचावर दाखवलेला नाहीये, दुसऱ्या अंकात आपण बाहेर लेडी मॅकबेथबरोबर थांबलेले असतो आणि तो आत असतो. मग तो खाली येतो. तिथले संवाद एकेका शब्दाचे आहेत, तू बोललास का, कधी, आत्ता, मी उतरताना, हो. छापील पानावर हे वाचताना मी सरकन पुढे गेलो होतो. रेकॉर्डिंगमध्ये दोघंही कुजबुजत बोलतात, मध्ये श्वास ऐकू येतो, आणि मॅकबेथ पुन्हा पुन्हा एकच सांगत राहतो की एका खोलीत झोपलेल्या दोघांनी जागं होऊन 'देव भलं करो' म्हटलं आणि मला 'आमेन' म्हणता आलं नाही, का नाही म्हणता आलं, मला तर त्याची सगळ्यात जास्त गरज होती, शब्द घशात अडकला. तो नट 'आमेन' हा शब्द प्रत्येक वेळी थोडा थोडा हळू म्हणत जातो. राज्य मिळायला अजून एक रात्रसुद्धा गेलेली नाहीये आणि माणसाची पहिली वस्तू हरवली, प्रार्थना. लगेच दुसरी, झोप. त्याला आवाज ऐकू येतो की मॅकबेथने झोपेचा खून केलाय, आता मॅकबेथ झोपणार नाही. आणि मग दारावर ठकठक सुरू होते. ही ठकठक रेकॉर्डिंगमध्ये लांबून येते, मोठी होत नाही, फक्त थांबत नाही. फार विचार करून केलंय ते.

पण मेजवानीच्या प्रवेशात यांनी घाण केलीय, मला स्पष्ट लिहायचंय हे. बँकोला मारेकरी घालून मारलंय आणि त्याचं भूत मेजवानीला मॅकबेथच्याच खुर्चीत येऊन बसतं. नाटकात भुताला एकही वाक्य नाही. ते बोलत नाही, आणि मॅकबेथ सोडून कोणालाही दिसत नाही, पाहुण्यांना दिसते ती रिकामी खुर्ची आणि तिच्याशी भांडणारा आपला राजा. रेकॉर्डिंगवाल्यांनी तिथे भुताचं घोगरं कण्हणं टाकलंय, घुमणारा आवाज देऊन. आता ऐकणाऱ्याला जर भूत ऐकू आलं तर आपण मॅकबेथच्या डोक्यात जाऊन बसलो, आणि त्या प्रवेशाचा जीव तर बाहेरून बघण्यात आहे, त्या पाहुण्यांच्या गप्प बसण्यात आहे. तिथे शांतता ठेवायला हवी होती. नुसती शांतता, आणि त्यात ओरडणारा एक माणूस.

आता ज्या भागासाठी हे पुस्तक माझ्या उशाशी आहे त्याबद्दल. हे नाटक मला शेवटी एका लग्नाचं वाटलं. पहिल्या अंकात तो तिला पत्रात लिहितो, माझ्या मोठेपणातली लाडकी भागीदार. भागीदार! त्या काळातला सरदार बायकोला हा शब्द वापरतो, आणि चेटकिणी भेटल्याची बातमी पहिली तिला कळवतो. खून दोघं मिळून करतात. आणि मग तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ती विचारते, काय करायचं ठरवलंयस, तेव्हा तो म्हणतो, तुला माहीत नसलेलंच बरं गं राणी, झाल्यावर वाहवा कर. बस. एवढंच. आवाजात प्रेम आहे, पण भागीदारी संपली. त्याच प्रवेशात तो यायच्या आधी ती एकटी असताना म्हणते की सगळं खर्च झालं आणि हाती काही लागलं नाही, जिथे इच्छा पुरी होते पण समाधान नाही. तो आत येतो तेव्हा मात्र ती हे त्याला सांगत नाही, उलट त्याचीच समजूत घालते की झालं ते झालं. दोघंही एकाच दुःखात आहेत आणि दोघंही एकमेकांपासून ते लपवतायत. मेजवानीनंतर ती थेट पाचव्या अंकात दिसते, झोपेत चालताना, हात धुताना. जी बाई म्हणाली होती की थोड्याशा पाण्याने हे निघून जाईल, तीच आता म्हणते की सगळ्या अरबस्तानची अत्तरं आणली तरी या हाताचा वास जाणार नाही. टिपेत एक बारीक गोष्ट लक्षात आणून दिलीय, आधी ती पद्यात बोलत असते, या प्रवेशात तिची भाषा गद्य झालीय, तुकडे तुकडे, सगळ्या रात्री एकमेकीत मिसळलेल्या. आणि नवरा तिथे नाही. डॉक्टर आहे, दासी आहे.

मग ती गेल्याची बातमी येते तेव्हा तो म्हणतो की नंतर कधीतरी मरायला हवी होती, अशा शब्दाला वेळ असता. आणि मग ते सगळ्यांना माहीत असलेलं भाषण, उद्या आणि उद्या आणि उद्या. त्यात तिच्याबद्दल अजून एक शब्दही नाहीये. रडू येत नाही त्याला. ज्याच्या कल्पनेत खुनाच्या आधी हवेत सुरा तरंगायचा, कसलाही आवाज झाला तरी जो दचकायचा, त्याच माणसाला त्याच प्रवेशात बायकांचा आक्रोश ऐकू येतो आणि तो म्हणतो की भीतीची चव कशी असते तेच मी विसरलोय. नाश म्हणतात तो हा आहे असं मला वाटतं, विरोधात गेलेला सरदार मॅकडफ येऊन डोकं उडवतो तो नंतरचा भाग झाला.

मी हे इतकं का धरून बसलोय ते पण सांगतो. मी कोणाचा खून केलेला नाही, पण एका पदाच्या मागे मी बरीच वर्षं होतो, आणि त्या काळात घरी आल्यावर काय चाललंय विचारलं की मी म्हणायचो, तुला कशाला टेन्शन, झालं की सांगतो. प्रेमानेच म्हणायचो. ज्या मित्राबरोबर नोकरीला लागलो होतो त्याच्याबद्दल वरिष्ठांसमोर एकदा गप्प बसलो, जिथे बोलायला हवं होतं तिथे. खोटं काही बोललो नाही, फक्त गप्प बसलो. पद मिळालं. तो मित्र आता फोन करत नाही आणि मी पण करू शकलेलो नाही. तिसऱ्या अंकातलं ते पान वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून बायकोला उठवलं आणि ती मित्राची गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

आता शेवटच्या तक्त्याबद्दल, कारण अर्धा राग माझा त्याच्यावर आहे. 'मॅकबेथ : महत्त्वाकांक्षी. लेडी मॅकबेथ : निर्दय. बँको : प्रामाणिक.' असे एकेक शब्द लावलेत. ज्या पुस्तकात आतल्या टिपा इतक्या नाजूक आहेत त्यात हे कोणी छापायला लावलं? निर्दय म्हणे. तीच बाई म्हणते ना की झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच मारला असता. त्या एका वाक्यात ती निर्दय नाही हे कळतं, तिलाच ते माहीत नाही. आणि परीक्षेला बसणारी मुलं हा तक्ताच पाठ करणार, जसं मी ते उत्तर केलं.

दुसरी कमतरता म्हणजे चौथ्या अंकात मॅकडफच्या बायकामुलांच्या हत्येवर फारच थोडं लिहिलंय. डंकनला मारताना मॅकबेथ हजार वेळा विचार करतो, बँकोला मारताना माणसं पाठवतो पण निदान कारण तरी असतं, वंशाची भीती. इथे काहीच कारण नाही, मॅकडफ इंग्लंडला निघून गेलाय, मागे एक बाई आणि लेकरं. आणि आता विचार करायचाच नाही असं तो आधीच ठरवून टाकतो, मनात आलं की हातातून झालं पाहिजे. इथून ती एका माणसाची गोष्ट राहत नाही, देशाची होते. रॉस नावाचा सरदार सांगतो की स्कॉटलंडला आता आई म्हणता येत नाही, थडगं म्हणावं लागेल, कोणासाठी घंटा वाजतेय हे कोणी विचारत पण नाही, आणि चांगली माणसं टोपीतलं फूल सुकायच्या आत मरतात. टोपीतलं फूल! या ओळीसमोरचं डावं पान जवळपास कोरं आहे, फक्त दोन शब्दांचे अर्थ. इथे संपादक थकला होता की जागा नव्हती देव जाणे, पण इथे लिहायला हवं होतं.

छपाई ठीक आहे, टिपांचा फॉन्ट बारीक आहे, चष्मा लागतो. बांधणी मात्र कच्ची, नुसता गोंद आहे, शिवण नाही, महिन्याभरात तिसऱ्या अंकाची पानं सुटली. ज्यांच्याकडून मागवलं त्यांना फोटो पाठवले तर 'वापरामुळे झालंय' म्हणाले. पुस्तक वापरायलाच घेतो ना आपण. डिलिव्हरी वेळेत झाली, पॅकिंग चांगलं होतं.

घ्यायचं असेल तर माझ्या मते असं करा, प्रस्तावना आणि तक्ता बाजूला ठेवा, शेक्सपिअरच्या ट्रॅजेडींमध्ये हे सगळ्यात छोटं नाटक आहे त्यामुळे घाबरू नका, आधी एक अंक नुसता ऐका, मग तोच अंक टिपांसकट वाचा, मग पुढचा. मेजवानीचा प्रवेश मात्र आधी वाचा, मग ऐका, म्हणजे ते कण्हणं डोक्यात बसणार नाही. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, तेव्हा ती फार छान वाटते. इंग्रजी जुनं आहे म्हणून ज्यांनी हे नाटक लांब ठेवलंय त्यांच्यासाठी ही आवृत्ती खरंच उपयोगी आहे, मी कुठेच अडलो नाही. कापलेला एक स्टार तक्ता, भुताचा आवाज आणि गोंद या तिघांचा मिळून आहे. सुटलेली पानं मी चिकटपट्टीने लावलीयत, ते तिसऱ्या अंकाचं दुसऱ्या प्रवेशाचं पान थोडं तिरकं बसलंय, त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की आपोआप तिथेच उघडतं.